‘दिलंच असेल’ यावर राहू नका: नवजात बाळ, व्हिटॅमिन के आणि रक्तस्राव

पाच आठवड्यांचं बाळ होतं. पूर्ण दिवसांचं, वजन छान वाढणारं, फक्त आईच्या दुधावर. एक दिवस आंघोळ घालताना आईला त्याच्या छातीवर वाटाण्याएवढा निळसर डाग दिसला. उचलताना कुणाचं तरी बोट दाबलं गेलं असेल, असं घरात ठरलं. दोन दिवसांनी नाकातून रक्ताचा एक थेंब आला, तो पुसला गेला. चौथ्या दिवशी बाळ दूध ओढेना, कण्हत राहिलं, आणि रात्री त्याला फिट आली. आमच्या विभागात आणलं तेव्हा टाळू टणक फुगलेली होती आणि अंगावर रंग म्हणून नव्हता. डोक्याच्या आत रक्तस्राव झाला होता.

मी नवजात विभागात परिचारिका आहे. त्या रात्री मी त्या बाळाचं डिस्चार्ज कार्ड हातात घेतलं. वजन, उंची, लसी, रक्तगट, सगळे रकाने भरलेले होते. ‘व्हिटॅमिन के’समोर मात्र ना तारीख, ना वेळ, ना सही. आई म्हणाली, “दवाखान्यातच जन्म झाला ना, मला वाटलं दिलंच असेल.” बाळ वाचलं, पण त्याच्या एका बाजूच्या हातापायात जोर कमी राहिला.

हा लेख त्या एका रिकाम्या रकान्यामुळे लिहिते आहे. व्हिटॅमिन के कमी पडून होणाऱ्या या रक्तस्रावाला आळा घालणारं औषध अनेक दशकांपासून हाताशी आहे, ते एकाच इंजेक्शनात देता येतं, आणि तरीही तो होतो. कारण बहुतेक वेळा कुणी नकार दिलेला नसतो, कुणीतरी गृहीत धरलेलं असतं. म्हणून गरोदरपणापासून बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत काय विचारायचं, काय पाहायचं आणि वेळ आली तर काय करायचं, ते क्रमाने सांगते.

आधी हे समजून घ्या: कडी आहे, कोयंडा नाही

आपल्याला खरचटलं की रक्त थोड्या वेळात थांबतं. त्यामागे यकृतात तयार होणाऱ्या प्रथिनांची साखळी असते. त्यांना रक्त गोठवणारे घटक म्हणतात आणि क्रमांकाने ओळखतात. त्यातले दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे चार घटक व्हिटॅमिन केवर अवलंबून असतात. यकृत ते तयार करतं, पण कॅल्शियम धरून जखमेच्या जागी चिकटण्याची ताकद त्यांना व्हिटॅमिन केमुळेच येते. व्हिटॅमिन के नसेल तर हे घटक रक्तात फिरत असतात, पण उपयोगाचे नसतात. दाराला कडी आहे, पण ती अडकवायला कोयंडाच नाही, अशी गत.

जन्मलेल्या प्रत्येक बाळाकडे हे व्हिटॅमिन कमीच असतं. यात आईच्या खाण्यापिण्याची चूक नसते. वारेतून ते फारच कमी पलीकडे जातं. आईच्या रक्तात ते बाळाच्या नाळेतल्या रक्तापेक्षा सुमारे ३० पट असतं. बाळाच्या यकृतात साठा जेमतेम असतो. मोठ्या माणसांच्या आतड्यातले जिवाणू थोडंफार व्हिटॅमिन के तयार करतात, पण नवजात बाळाच्या आतड्यात ते अजून स्थिरावलेले नसतात. आणि आईच्या दुधात ते अगदी थोडं असतं, एका लिटरला साधारण १ ते ४ मायक्रोग्रॅम. डब्यातल्या दुधात ते मुद्दाम घातलेलं असल्याने लिटरला ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतं.

हे वाचून कुणी स्तनपान कमी करू नये, ही मनापासून विनंती. आईच्या दुधाचे फायदे इतके आहेत की या एका उणिवेसाठी ते सोडणं म्हणजे फार मोठं नुकसान करून घेणं. ही एक उणीव इंजेक्शन भरून काढतं आणि बाकी सगळं दूध देतं.

या आजाराचं वर्णन फार जुनं आहे. १८९४ साली बोस्टनमध्ये चार्ल्स टाउनसेंड या डॉक्टरांनी अशा ५० बाळांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा कारण कुणालाच माहीत नव्हतं. डेन्मार्कचे हेन्रिक डाम १९२९ च्या सुमारास कोंबडीच्या पिल्लांना स्निग्धांश काढलेला आहार देऊन वेगळाच प्रश्न तपासत होते, आणि पिल्लांना रक्तस्राव होऊ लागला. त्यातून हे नवं जीवनसत्त्व सापडलं. रक्त गोठणं या अर्थाच्या ‘कोआगुलेशन’ शब्दाचं डॅनिश आणि जर्मन स्पेलिंग ‘के’ने सुरू होतं, म्हणून त्याला ‘के’ हे नाव मिळालं. डाम आणि त्याची रासायनिक रचना उलगडणारे अमेरिकेचे एडवर्ड डॉइझी यांना १९४३ चं नोबेल पारितोषिक मिळालं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६१ पासून प्रत्येक नवजात बाळाला व्हिटॅमिन के देण्याची शिफारस केली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेचीही तीच शिफारस आहे.

रक्तस्राव तीन काळांत होतो

पहिला जन्मानंतरच्या २४ तासांत. हा बहुधा आईने गरोदरपणात घेतलेल्या काही औषधांमुळे होतो.

दुसरा दोन ते सात दिवसांत. बेंबीतून, आतड्यातून, नाकातून, टोचलेल्या जागेतून रक्त येतं. प्रतिबंधक डोस न मिळालेल्या बाळांत याचं प्रमाण शंभरात ०.२५ ते १.७ इतकं सांगितलं जातं.

तिसरा उशिराचा, आणि माझी झोप उडवणारा हाच. एक आठवड्यापासून सहा महिन्यांपर्यंत कधीही, पण सर्वांत जास्त तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात. प्रतिबंधक डोस नसेल तर लाखात ४ ते ७ बाळांना तो होतो. आकडा लहान वाटतो, पण त्यातल्या निम्म्याच्या आसपास बाळांना रक्तस्राव थेट मेंदूत होतो. तेव्हा बाळ घरी असतं, गुटगुटीत असतं, आणि कुणाचंच लक्ष त्या बाजूला नसतं. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते की इंजेक्शन न मिळालेल्या बाळाला उशिराचा रक्तस्राव होण्याची शक्यता इंजेक्शन मिळालेल्या बाळाच्या ८१ पट असते.

पायरी १: गरोदरपणातच डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी

फिट येऊ नये म्हणून तुम्ही फेनिटॉइन, फेनोबार्बिटल किंवा कार्बामाझेपिन घेत असाल, क्षयरोगासाठी रिफाम्पिसिन किंवा आयसोनियाझिड चालू असेल, किंवा रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेतलं असेल, तर हे प्रसूतीतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ दोघांनाही ठाऊक हवं. ही औषधं बाळातलं व्हिटॅमिन के आणखी कमी करतात किंवा त्याच्या कामात आडवी येतात. मात्र कोणतंही औषध आपल्या मनाने बंद करू नका. गरोदरपणात फिट येणं आईलाही घातक आहे आणि बाळालाही. औषध चालू ठेवून काय काळजी घ्यायची ते डॉक्टर ठरवतील. अशा आईच्या बाळाला जन्मल्याबरोबर इंजेक्शनच मिळायला हवं, तोंडाने द्यायचे थेंब नाहीत.

घरात कुणाला हिमोफिलियासारखा रक्त न गोठण्याचा आजार असेल, विशेषतः आईच्या माहेरच्या पुरुषांत, तर तेही आधीच सांगा. अशा बाळाला टोचताना वेगळी खबरदारी घ्यावी लागते.

पालेभाज्या भरपूर खाल्ल्या तर चालेल का, असं अनेक जणी विचारतात. पालेभाज्या जरूर खा, त्या तुमच्यासाठी चांगल्याच आहेत. पण रोजच्या जेवणाने दुधातलं व्हिटॅमिन के बाळाला पुरेल इतकं वाढत नाही. आहार हा इंजेक्शनला पर्याय नाही.

पायरी २: जन्मानंतरचे पहिले सहा तास

बाळ जन्मलं की आधी आईच्या छातीवर, कातडीला कातडी लागेल असं. पहिला तास त्या दोघांचा. इंजेक्शनसाठी बाळाला तिथून उचलून नेण्याची घाई नको. जागतिक आरोग्य संघटनाही या पहिल्या तासानंतर, १ मिलिग्रॅम व्हिटॅमिन के स्नायूत द्यायला सांगते. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या २०२२ च्या शिफारशीनुसार ते सहा तासांच्या आत द्यावं. बाळ दीड किलोपेक्षा कमी असेल तर डोस वजनावर ठरतो आणि तो डॉक्टरच ठरवतात.

टोचायची जागा मांडीच्या मध्यावर, पुढच्या-बाहेरच्या बाजूला. सुई बारीक असते. मी शक्यतो बाळ अंगावर पीत असतानाच टोचते. आईला सांगते, त्याचं तोंड लागू दे, चार-पाच घोट जाऊ देत. मग एका हाताने मांडी अलगद पण पक्की धरायची, सुई आत, औषध हळू, सुई बाहेर आणि कापसाने नुसतं दाबून ठेवायचं, चोळायचं नाही. बाळ तोंड सोडून एकदा जोरात रडतं, पाय झटकतं, आणि बहुतेक वेळा अर्ध्या-एक मिनिटात पुन्हा दूध शोधायला लागतं. त्या जागी थोडी सूज किंवा छोटासा डाग राहू शकतो, तो काही दिवसांत जातो.

स्नायूत दिलेलं हे औषध तिथे साठून राहतं आणि हळूहळू रक्तात उतरतं. म्हणून एकच इंजेक्शन धोक्याच्या सगळ्या आठवड्यांत पुरतं.

आता माझ्याच पेशातल्या मैत्रिणींसाठी थोडं, कारण चूक आमच्याकडूनही होते. अँप्यूलवरची ताकद दर वेळी वाचा. काही अँप्यूलमध्ये अर्ध्या मिलिलिटरला १ मिलिग्रॅम असतं, काहींमध्ये १ मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. दुसऱ्या प्रकारातून १ मिलिग्रॅम म्हणजे फक्त ०.१ मिलिलिटर. औषध के१ प्रकारचंच हवं. जुन्या के३ प्रकाराने बाळांच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढत असे, तो नवजात बाळासाठी नाही. हे औषध उजेडाने खराब होतं, म्हणून वापरायच्या वेळीच बाहेर काढा. आणि आईचा ट्रे वेगळा, बाळाचा वेगळा. प्रसूतीनंतर गर्भाशय आकुंचन पावावं म्हणून आईला द्यायचं इंजेक्शन चुकून बाळाला दिलं गेल्याच्या घटना जगभर नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यात बाळांचा श्वास थांबला आहे. भरलेल्या सिरिंजवर चिठ्ठी नसेल तर ती फेकून द्या. दिल्यावर लगेच लिहा, ‘नंतर भरू’ म्हणू नका. वर सांगितलेला रिकामा रकाना कदाचित अशाच एका ‘नंतर’चा होता.

पायरी ३: घरी निघण्याआधी कार्ड उघडा

ही पायरी पूर्णपणे तुमच्या हातात आहे. दवाखान्यातून निघताना बॅगा, औषधं, बिल, गाडी या सगळ्यांत दोन मिनिटं काढा आणि कार्डावर व्हिटॅमिन केची नोंद शोधा. तारीख, वेळ, डोस, कुठल्या मार्गाने दिलं, आणि सही. यातलं काही नसेल तर सिस्टरांना स्पष्ट विचारा, “व्हिटॅमिन के दिलंय का? इथे लिहून द्याल का?” प्रश्न उद्धट नाही. मला कुणी असं विचारलं तर बरं वाटतं.

‘बाळाला इंजेक्शन दिलं’ एवढं उत्तर पुरेसं मानू नका. पहिल्या दिवशी लसही टोचली जाते, आणि एक टोचलेलं पाहिलं की दुसरंही झालं असं वाटतं. व्हिटॅमिन के ही लस नाही, त्यामुळे काही कार्डांवर ते लसींच्या तक्त्यात नसून दुसऱ्या पानावर असतं. नोंद सापडली की मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

तीन प्रसंगांत हे हमखास राहून जातं. बाळ घरी किंवा वाटेतच जन्मलं तर, बाळाला जन्मल्याबरोबर दुसऱ्या दवाखान्यात हलवलं तर, आणि जन्मतःच धावपळ होऊन बाळ अतिदक्षता विभागात गेलं तर. दोन ठिकाणचे लोक एकमेकांवर विसंबतात. तुमचं बाळ यांपैकी असेल तर दुप्पट चौकशी करा.

थेंब निवडले असतील तर

काही देशांत आणि काही कुटुंबांत तोंडाने द्यायचे थेंब वापरले जातात. काहीच न देण्यापेक्षा थेंब नक्कीच बरे. पण माझं मत सरळ आहे: इंजेक्शन शक्य असताना थेंब निवडू नका. एका डोसने भागत नाही. एका प्रचलित पद्धतीत जन्मल्यावर २ मिलिग्रॅम, चौथ्या ते सातव्या दिवशी पुन्हा २ मिलिग्रॅम आणि स्तनपान चालू असल्यास चौथ्या आठवड्यात तिसरा डोस असतो. दुसऱ्या काही पद्धतींत आठवड्याला किंवा रोज थोडं थोडं देतात. नेमका विसरला जातो तो शेवटचा डोस, आणि नेमका तेव्हाच उशिराच्या रक्तस्रावाचा काळ सुरू असतो.

दुसरी अडचण यकृताची. व्हिटॅमिन के स्निग्ध पदार्थात विरघळतं, म्हणून आतड्यातून शोषलं जायला पित्त लागतं. पित्तनलिका बंद असलेल्या बाळांत ते शोषलंच जात नाही, आणि असं बाळ पहिल्या काही आठवड्यांत वरून निरोगीच दिसतं. नेदरलँड्समध्ये रोज २५ मायक्रोग्रॅम थेंबांची पद्धत होती. पित्तनलिका बंद असलेल्या बाळांना ती पुरत नाही हे दिसल्यावर २०११ साली ती मात्रा १५० मायक्रोग्रॅमवर नेली गेली.

थेंबच देत असाल तर सगळ्या तारखा पहिल्याच दिवशी मोबाइलमध्ये गजर लावून ठेवा. दिल्यानंतर तासाभरात उलटी झाली तर डॉक्टरांना विचारून डोस पुन्हा द्या. अपुऱ्या दिवसांच्या, आजारी, किंवा वर सांगितलेली औषधं घेणाऱ्या आईच्या बाळाला थेंबांवर ठेवू नका.

मनातल्या शंका

कॅन्सरची भीती अजून ऐकू येते. १९९२ साली ब्रिटनमधल्या एका अभ्यासात इंजेक्शनचा आणि लहान मुलांच्या कॅन्सरचा संबंध असावा असं सुचवलं गेलं. पालक घाबरले, आणि घाबरणं समजण्यासारखं होतं. मग अनेक देशांत मोठे अभ्यास झाले. स्वीडनमध्ये दहा लाखांहून जास्त मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तो संबंध आढळला नाही.

“आमचं बाळ नॉर्मल झालंय, पूर्ण दिवसांचं आहे, मग कशाला?” अवघड बाळंतपणात धोका वाढतो हे खरं, पण उशिराचा रक्तस्राव व्हायला कुठलीही इजा लागत नाही. तो मुख्यतः निरोगी, स्तनपान करणाऱ्या बाळांचाच आजार आहे. नाळ उशिरा कापल्यानेही ही कमतरता भरून निघत नाही. नाळेतल्या रक्तात ते व्हिटॅमिनच नगण्य असतं.

पायरी ४: घरी काय पाहत राहायचं

रोज आंघोळीच्या वेळी, चांगल्या उजेडात, बाळाला पूर्ण उघडं करून डोक्यापासून पायापर्यंत एकदा नजर फिरवा. कानामागे, बगलेत, पाठीवर, जांघेत. एक मिनिटाचं काम आहे.

निळा-जांभळा डाग दिसला तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: हे बाळ स्वतःहून कुशीवर तरी वळतं का? नाही ना? मग त्याला डाग पडेल असा मार लागणार कसा? जे बाळ वळत नाही, रांगत नाही, त्याच्या अंगावरचा नवा डाग डॉक्टरांना दाखवायचाच. बऱ्याच बाळांच्या कमरेवर किंवा ढुंगणावर जन्मापासून निळसर-करडा पट्टा असतो, तो वेगळा; ती जन्मखूण आहे, तिचा रंग दिवसागणिक बदलत नाही. रक्त साकळल्याचा डाग नव्याने येतो आणि निळ्यावरून हिरवट, पिवळट होत जातो. जन्मखुणेचा पहिल्या आठवड्यातच फोटो काढून ठेवला तर पुढे गोंधळ होत नाही.

बेंबीची नाळ पडताना लंगोटीला रक्ताचा एखादा डाग लागणं चालतं. दाबूनही थांबत नाही, किंवा पुसलं की पुन्हा पाझरतं, असं रक्त चालत नाही. नाकातून किंवा हिरडीतून रक्त, लस टोचलेल्या जागेतून बराच वेळ झिरपणारं रक्त, लाल लघवी, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी किंवा लाल शी, यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दाखवा. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळपट हिरवी चिकट शी मात्र नेहमीचीच असते.

उगाच घाबरवणाऱ्या काही गोष्टीही सांगते. पहिल्या दिवसांत लंगोटीवर विटकरी-गुलाबी पावडरसारखा डाग दिसतो, तो बहुधा लघवीतल्या क्षारांचा असतो. मुलीला पहिल्या आठवड्यात योनीतून थोडं रक्त येऊ शकतं. आईचे हार्मोन अचानक बंद झाल्याने तसं होतं. आणि स्तनाग्राला चीर असेल तर बाळाने आईचंच रक्त गिळलेलं असू शकतं. यातलं नेमकं काय आहे हे ठरवायचं काम डॉक्टरांचं. दाखवून ‘काही नाही’ ऐकायला मिळालं तर आनंदाने परत या.

मेंदूतल्या रक्तस्रावाच्या कितीतरी बाळांना आधी काही दिवस असा छोटा इशारा मिळालेला असतो. नाकातला थेंब, बेंबीचा पाझर, अंगावरचा डाग. त्या टप्प्यावर बाळ दवाखान्यात पोहोचलं तर पुढचं सगळं टळू शकतं.

आणखी एक खूण रक्ताची नाही, रंगाची आहे. दोन आठवड्यांनंतरही कावीळ असेल, शी पांढरट किंवा मातीच्या रंगाची होत असेल, लघवी गडद पिवळी होऊन लंगोटीला डाग पडत असेल, तर पित्ताचा मार्ग बंद आहे का हे तपासायला हवं. ‘दुधाची कावीळ आहे, जाईल’ असं कुणी म्हटलं तरी बिलिरुबिनचे, म्हणजे कावीळ आणणाऱ्या रक्तातल्या पिवळ्या द्रव्याचे, दोन्ही भाग मोजायला सांगा. पित्तनलिका बंद असेल तर शस्त्रक्रिया जितकी लवकर, शक्यतो पहिल्या ६० दिवसांत, तितकं यकृत वाचण्याची शक्यता जास्त. अशा बाळांना व्हिटॅमिन केही पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. बरेच दिवस जुलाब, किंवा बरेच दिवस अँटिबायोटिक्स चालू असणं, यातही डॉक्टरांना व्हिटॅमिन केची आठवण करून द्या.

पायरी ५: रक्त दिसलं किंवा बाळ मलूल झालं तर

तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून साधारण २५० मिलिलिटर रक्त असतं. म्हणजे एक पेलाभर. आपल्याला चमचाभर वाटणारं रक्त बाळासाठी थोडं नसतं.

खालीलपैकी काहीही दिसलं तर वाट न पाहता, रात्र असली तरी, नवजात बाळांची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात निघा:

- टाळू फुगलेली किंवा टणक लागणं
- फिट, एका बाजूचे हातपाय झटकणं, नजर एका जागी थिजणं
- अंग पांढरं पडणं
- बाळ जागंच न होणं, दूध न ओढणं, सतत उलट्या, किंवा चिरक्या आवाजात न थांबणारं रडणं
- कुठूनही न थांबणारं रक्त

टाळू पाहायची ती बाळ शांत असताना, त्याला बसतं धरून. रडताना ती थोडी वर येतेच.

निघताना रक्त येणाऱ्या जागी स्वच्छ कापड किंवा गॉझ घेऊन बोटाने सलग दाबून ठेवा. सारखं उचलून पाहू नका. घरातलं कुठलंही औषध देऊ नका. बाळ मलूल असेल, उलट्या होत असतील तर दूधही थांबवा. बाळाला ऊबदार गुंडाळा, डिस्चार्ज कार्ड आणि रक्त लागलेली लंगोटी किंवा कापड सोबत घ्या.

आणि तिथे पोहोचल्यावर पहिलं वाक्य हे असू दे: “बाळ इतक्या आठवड्यांचं आहे, आईच्या दुधावर आहे, आणि त्याला व्हिटॅमिन के मिळालेलं नाही.” मिळाल्याची खात्री नसेल तर तसं सांगा. फिट आलेलं, मलूल बाळ पाहिलं की डॉक्टरांच्या मनात आधी जंतुसंसर्ग येतो. तुमचं हे एक वाक्य तपासणीची दिशा लवकर बदलू शकतं.

इंजेक्शन मिळालेलं असलं तरी ही लक्षणं दुर्लक्षून चालणार नाहीत. रक्तस्रावाला दुसरी कारणंही असतात, आणि त्यांनाही वेळ नसतो.

रुग्णालयात काय होतं

डॉक्टर रक्त घेऊन ते गोठायला किती वेळ लागतो ते पाहतात. कागदावर प्रोथ्रॉम्बिन टाइम किंवा आयएनआर असं लिहिलेलं दिसेल. व्हिटॅमिन के कमी असेल तर हा वेळ खूप वाढलेला असतो, प्लेटलेट्स मात्र सहसा ठीक असतात. निकालाची वाट न पाहताच व्हिटॅमिन के शिरेतून हळूहळू दिलं जातं. रक्त गोठत नसताना स्नायूत टोचलं तर तिथेच रक्त साकळतं, म्हणून शिरेतून. काही तासांत रक्त पुन्हा गोठू लागतं, आणि निदानही त्यानेच पक्कं होतं. रक्तस्राव मोठा असेल तर तेवढा वेळ नसतो, तेव्हा गोठवणारे घटक तयार स्वरूपात देण्यासाठी प्लाझ्मा चढवतात. फिट किंवा मलूलपणा असेल तर डोक्याची सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआय होतो, आणि कधी मेंदूच्या शल्यचिकित्सकांची गरज पडते.

मेंदूत रक्तस्राव झालेल्या बाळाचा पाठपुरावा पुढे काही वर्षं चालतो. मान धरणं, बसणं, बघणं, ऐकणं, सगळं तपासत राहावं लागतं. फिजिओथेरपी लवकर सुरू केली तर फरक पडतो. माझ्या आठवणीतल्या त्या बाळाची आई दर भेटीला त्याचा कमजोर हात आपल्या हातात धरून मूठ उघडमीट करत बसलेली असायची.

आज कळलं की राहून गेलंय

कार्ड उघडलं आणि नोंदच नाही, असं आज लक्षात आलं तर पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत थांबू नका. बाळ तीन दिवसांचं असो किंवा सहा आठवड्यांचं, दवाखान्यात फोन करून जुनी नोंद तपासायला सांगा. दिल्याचा लेखी पुरावा मिळत नसेल तर आता देता येईल का ते बालरोगतज्ज्ञांना विचारा. बहुतेक वेळा ते त्याच दिवशी देतील. आधी दिलेलं असून नोंद राहिली असेल आणि पुन्हा एक डोस गेला, तर त्याने सहसा अपाय होत नाही. अंगावर डाग किंवा कुठे रक्त दिसत असेल तर मात्र फोनवर वेळ घालवू नका, सरळ निघा. एरवी फोनवर सांगायचं ते इतकंच: “बाळ इतक्या दिवसांचं आहे, व्हिटॅमिन के दिल्याची नोंद सापडत नाही, आज किती वाजता आणू?”